स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांचं बिल कमी कसं करायचं, गोळ्या कमी न करता

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास होणं, संशय येणं अशा मानसिक आजाराच्या गोळ्या घेतोय. पहिली सहा-सात वर्षं आम्ही नुसते पैसे भरत होतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलं की समोरच्या मेडिकलमध्ये जायचं, चिठ्ठी पुढे करायची आणि सांगतील तेवढे द्यायचे, यात काही विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मग एका दिवाळीला घर आवरताना त्याच्या कपाटात स्वेटरच्या खाली पेपरात बांधलेली एक पुडी सापडली. उघडली तर आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या. ब्लेडने कापलेल्या, काहींचा चुरा झालेला, मोजल्या तर चाळीसच्या वर. मला वाटलं गोळ्या चुकवतोय, मी चिडूनच विचारलं. तर म्हणाला, "ताई, बाबा आईला सांगत होते की दर महिन्याला एवढे कुठून आणायचे, म्हणून मी अर्धीच घेतो, उरलेल्या पुढच्या महिन्याला होतील."

पुढच्या तीन आठवड्यांत त्याची झोप गेली, आवाज परत ऐकू यायला लागले, आणि ॲडमिट करावं लागलं. त्या एका ॲडमिशनचं बिल त्याच्या दोन वर्षांच्या गोळ्यांपेक्षा जास्त झालं. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते बिल कमी करायचं आहे, डोस नाही. डोस, कंपनी, गोळीचा प्रकार, यातलं काहीही बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आपल्या आपण एक पाव गोळीही कमी करू नका. मी डॉक्टर नाही, घरात पेशंट असलेली बहीण आहे, आणि हे सगळं रांगांमध्ये उभं राहून शिकले.

सगळ्यात आधी एका संध्याकाळी बसून हिशोब करा. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका ताटात काढा. पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव, ते सोडून द्या, त्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं, ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड, क्वेटियापीन, अरिपिप्राझोल, क्लोझापीन असं काहीतरी, आणि पुढे किती मिलिग्रॅम ते. मेडिकलवाले पट्टी कापून देतात तेव्हा नेमकं हेच नाव कापलं जातं, त्यामुळे शक्यतो पूर्ण पट्टी घ्या नाहीतर फोटो काढून ठेवा. मग वहीत लिहा, औषधाचं नाव, किती एमजी, दिवसाला किती, आणि एक गोळी केवढ्याला पडते. पट्टीची किंमत लिहू नका, कारण कुठल्या पट्टीत दहा गोळ्या असतात कुठल्या पट्टीत पंधरा, त्यात फसायला होतं. एका गोळीची किंमत गुणिले महिन्याच्या गोळ्या, बस.

आम्ही हे केलं तेव्हा मी बघतच राहिले. भावाच्या मुख्य गोळीपेक्षा जास्त पैसे ॲसिडिटीच्या कॅप्सूलला आणि एका व्हिटॅमिनच्या गोळीला जात होते. दोन्ही तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी लिहिलेल्या, नंतर चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत राहिल्या आणि कुणी थांबवल्याच नाहीत. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी लगेच दोन्हींवर काट मारली. ट्रायहेक्सिफेनिडिलचंही असंच होतं बघा, ही गोळी हात थरथरणं, अंग ताठरणं यासाठी देतात, बऱ्याच वेळा रिस्पेरिडोनबरोबर एकाच गोळीत मिसळून येते, आणि ती प्रत्येकाला कायमची लागतेच असं नाही. पण ती मनाने बंद करू नका, "ही अजून लागते का" एवढं विचारा.

आता डॉक्टरांशी पैशाबद्दल बोलणं. आपल्याकडे याची फार लाज वाटते, आईला अजून वाटतं की डॉक्टर म्हणतील यांना मुलाच्या औषधाचे पैसे जड झाले. पण मला आतापर्यंत तीन डॉक्टर भेटले आणि तिघांनीही विचारल्यावर स्वस्त मार्ग काढून दिला, न विचारता मात्र एकानेही नाही. त्यांना आपल्या घरचं काय माहीत असणार? आत गेल्यावर पहिल्याच मिनिटात सांगायचं, उठताना दारात नाही. मी सरळ आकडा सांगते, "डॉक्टर, औषधांना महिन्याला एवढेच निघतात, यात बसवून द्या, हे आयुष्यभर चालवायचंय." मग वही पुढे करते.

वहीवरून विचारायच्या गोष्टी अशा. दोन छोट्या गोळ्यांऐवजी एक मोठी चालेल का, कारण पाच एमजीच्या दोन गोळ्या बहुतेक वेळा दहाच्या एका गोळीपेक्षा महाग पडतात. तोंडात विरघळणारी गोळी खरंच लागते का, ती साध्या गोळीपेक्षा महाग असते, पण पेशंट गोळी गालात धरून नंतर थुंकत असेल तर तीच घ्यावी, तिथे पैसे बघू नका. दिवसातून दोनदा आहे ते एकदाच देता येईल का. आणि औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून मिळेल का, कारण त्याशिवाय जेनेरिकच्या, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त औषधांच्या दुकानात गोंधळ होतो. गोळी मोडून घ्यायची असेल तर मधे रेघ असलेली साधी गोळीच, तीही डॉक्टर हो म्हणाले तर, ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर असं लिहिलंय ती कधीच मोडायची नाही, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते आणि मोडली की सगळं औषध एकदम अंगात जातं.

महाग म्हणजे चांगलं, असंही नसतं हे लक्षात ठेवा. २००५ साली अमेरिकेत सरकारी पैशातून केटी नावाचा मोठा अभ्यास झाला होता, जवळपास दीड हजार पेशंट होते त्यात, आणि परफेनाझिन नावाचं जुनं स्वस्त औषध बहुतेक नव्या महाग औषधांच्या तोडीस तोड निघालं. फरक त्रासात पडतो. जुन्या औषधांनी अंग ताठरणं, थरथर जास्त, नव्यातल्या काहींनी, विशेषतः ओलान्झापीन आणि क्लोझापीनने, वजन आणि शुगर वाढते, आणि शुगर वाढली की तिच्या गोळ्यांचा खर्च वेगळा, तोही त्याच खिशातून. पण म्हणून ज्याला एक औषध छान लागू पडलंय त्याला नुसतं स्वस्त म्हणून दुसऱ्यावर नेऊ नका. बसलेली घडी मोडली की परत बसवायला वर्ष जातं. स्वस्त पर्यायाचा विचार औषध सुरू करताना करायचा, किंवा तसंही बदलायची वेळ आलीये तेव्हा. लागू पडलेलं औषध तेच ठेवायचं आणि ते स्वस्त कुठे मिळतं ते शोधायचं.

स्वस्त मिळण्याचं पहिलं ठिकाण जन औषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं जेनेरिक औषधांचं दुकान. ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन, अरिपिप्राझोल ही रोजची औषधं तिथल्या यादीत आहेत आणि बाजारातल्या नावाजलेल्या कंपनीच्या मानाने निम्म्याहून कमी, कधीकधी त्याहूनही खूप कमी दरात मिळतात. 'जन औषधी सुगम' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की दर दिसतो आणि जवळचं केंद्रही सापडतं, पण निघण्याआधी केंद्रावर फोन करा, यादीत आहे म्हणजे दुकानात आहे असं नाही. आमच्या इथे महिन्यातून एखादा आठवडा माल नसतोच. म्हणून आम्ही दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जातो, शेवटची पट्टी फोडून कधीच नाही. नाव आणि एमजी तंतोतंत जुळवा, आणि एसआर असेल तर एसआरच.

बाजारात 'जेनेरिक' पाटी लावलेली खासगी दुकानंही आहेत. तिथे ऐंशी टक्के सूट म्हणतात, पण काही औषधांवर एमआरपीच अवाच्या सवा छापलेली असते, मग सूट कसली? तुमच्या वहीत एका गोळीचा दर आहे ना, त्याच्याशी ताडून बघा, टक्के ऐकू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीची बिलं असतील तर दर खरंच खाली आला का ते काढून बघा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. तुमच्या आमच्यासाठी काही नाही, पण ज्याच्या आजारातच संशय आहे त्याच्या हातात एक दिवस पिवळीऐवजी पांढरी गोळी ठेवली तर तो काय समजेल? पहिल्यांदा जन औषधीची पट्टी आणली तेव्हा आईने उत्साहात ती डब्यात भरून टाकली आणि रात्री नेहमीसारखी एक दिली. भावाने गोळी बोटांत धरून दिव्याखाली फिरवून फिरवून बघितली, परत ताटलीत ठेवली आणि म्हणाला, "हे माझं औषध नाही." चार दिवस घेतली नाही. जेवणावरही संशय घ्यायला लागला. शेवटी मी जुनी आणि नवी दोन्ही पट्ट्या त्याच्या हातात दिल्या, भिंग दिलं, आणि म्हटलं तूच वाच. त्याने दोन्हींवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं, ओलान्झापीन, ओलान्झापीन, दहा, दहा. मग घेतली. तेव्हापासून पट्टी बदलली की आधी त्याला दाखवायची, त्यानेच वाचायची, मगच डब्यात. शक्य असेल तर डॉक्टरांच्याच तोंडून त्याला सांगा की रंग वेगळा असला तरी औषध तेच आहे. आणि एका वेळी एकच औषध बदला, म्हणजे काही बिनसलं तर कशाने ते कळतं.

सरकारी दवाखाना हा खरा मोठा मार्ग, पण त्यासाठी थोडा चिवटपणा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत, आणि तीही सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे, आपल्याकडे म्हणजे ग्रामीण रुग्णालयापासून. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापीन ही त्या राष्ट्रीय यादीत आहेत. शिवाय महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत केलंय. फक्त एक बघा, बऱ्याच जिल्ह्यांत जुनं सिव्हिल आता मेडिकल कॉलेजला जोडलंय, ते वेगळ्या खात्याकडे जातं, महापालिकेचे दवाखाने वेगळे, तिथे थोडी फी लागू शकते. पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाहेरच्या पेशंटसाठी ओपीडी असते, तिथे जायचं म्हणजे भरतीच व्हायचं असं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून तसंच वाटतं. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे.

जाताना खासगी डॉक्टरांच्या फाइलची झेरॉक्स न्या, आधार न्या, आणि मनोविकार ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी विचारून ठेवा, नाहीतर एक दिवसाची मजुरी फुकट जाते. पहिल्या खेपेला पेशंटला न्यावंच लागतं. डॉक्टरांना सांगा की ह्या औषधाने इतकी वर्षं बरं आहे, आहे तेच लिहून द्या, कारण तिथे कधीकधी साठ्यात जे असेल त्यावर नेतात. आणि महिन्याच्या गोळ्या मागा, पंधरा दिवसांच्या नकोत, प्रवासाचा खर्च दुप्पट होतो.

खिडकीवर एक वाक्य ऐकायला मिळेल, "स्टॉक नाही, बाहेरून घ्या." मलाही मिळालं होतं, दोनदा मुकाट्याने परत आले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, ठीक आहे, केसपेपरवर 'उपलब्ध नाही' असं लिहून सही करून द्या. आवाज न चढवता म्हटलं. खिडकीतला माणूस आत गेला आणि दहा मिनिटांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन आला. दर वेळी असं होत नाही, खरंच माल नसतो तेव्हा तो बिचारा काय करणार, मग लेखी अर्ज करायचा, वैद्यकीय अधीक्षकांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना, त्यात कलम १८ लिहायचं, आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका. आम्ही आता असं करतो, खासगी डॉक्टरांना वर्षातून दोनदा दाखवतो आणि महिन्याच्या गोळ्या सिव्हिलमधून घेतो, दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलेलं आहे.

क्लोझापीन चालू असेल तर थोडं वेगळं. या औषधाने काही जणांच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं आणि पुढे हळूहळू महिन्यावर येतं. हा खर्च गोळ्यांपेक्षा जड वाटतो आणि लोक इथेच काटकसर करतात, पण ही तपासणी टाळायची नाही म्हणजे नाही. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची ही तपासणी, सरकारी रुग्णालयात करून घ्या, रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवा. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि क्लोझापीनचा दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस परत सुरू करायचा नाही, छोट्या डोसपासून चढवावं लागतं, म्हणजे "पगार झाला की आणू" हे इथे चालतच नाही. कंपनीही शक्यतो तीच ठेवा. अजून एक, विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापीन आणि ओलान्झापीन अंगात लवकर संपतं, ओढणाऱ्याला जास्त डोस लागू शकतो. सोडली तर फार चांगलं, पण सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा कारण तोच डोस मग जड होतो.

गोळ्या सतत चुकत असतील तर इंजेक्शनचं विचारा. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉलची डेपो इंजेक्शनं, म्हणजे अंगात हळूहळू सुटणारी, जुनी आणि स्वस्त आहेत, दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची असतात. नवं पॅलिपेरिडोनचं महिन्याचं इंजेक्शन मात्र एका डोसलाच हजारांत जातं, ते सुरू करण्याआधी वर्षभराचा हिशोब करा, मधेच परवडेना म्हणून थांबलं तर गोंधळ.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगत्व म्हणून धरलाय, स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयात तपासून टक्केवारी देतात, चाळीस टक्के किंवा जास्त आली तर उपयोग होतो. घरात कुणी जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असेल तर सीए लोक ज्याला ८०डीडी म्हणतात ती ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००, खर्च किती झाला त्याच्याशी संबंध नाही. उत्पन्न फारच कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं विचारा. निरामय विम्याच्या मागे धावू नका, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, आपल्याला लागू नाही, माझे त्यात दोन महिने गेले. मेडिक्लेम कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, तसं त्याच २०१७ च्या कायद्यात कलम २१ मध्ये आहे, पण पॉलिसीत ओपीडी नसेल तर रोजच्या गोळ्यांचे पैसे मिळत नाहीत, भरती झाल्यावरच. महात्मा फुले योजनेचंही तसंच. तरी भरतीची वेळ आली तर आधी हे विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

आणि महिनाअखेरीला खरंच पैसे संपले तर? पेशंटसमोर त्यावर बोलू नका, आमचं काय झालं ते वर लिहिलंय. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून सांगा, कधीकधी त्यांच्याकडे सॅम्पलच्या गोळ्या असतात. मेडिकलवाला ओळखीचा असेल तर पाच गोळ्या मागा, पाच दिवस निघतात. काहीच सुचत नसेल तर टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, जवळ सरकारी सोय कुठे आहे ते विचारता येतं. पुण्याच्या आसपास असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये आपल्यासारखीच घरं भेटतात, कुठे काय दराने मिळतं हे त्यांना पाठ असतं.

आमच्याकडे आता गोळ्यांचा एक स्टीलचा डबा आहे, पूर्वी त्यात शंकरपाळे असायचे. दर रविवारी भाऊ स्वतः पट्ट्या काढून मोजतो आणि वहीत तारीख घालून आकडा लिहितो. दहा दिवसांच्या उरल्या की मला मिस्ड कॉल देतो, मग सोमवारी मी सिव्हिलला जाते.